न घडलेला शनिवार

ब्रेंडाचा हात कीबोर्डवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. तव्याला बोट लागल्यावर बाई हात उचलते तसा. फरक एवढाच की तिनं तो झटकला नाही, फुंकर घातली नाही, दोघींच्या मधे अधांतरी धरून ठेवला. ओयदिनला आधी वाटलं, बाईंना शिंक येतेय. ती शिंकेची वाट बघत थांबली. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणाची परवानगी हवी होती, त्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात सगळ्यांनाच यावं लागे, ब्रेंडा पडद्यावरचे प्रश्न मान न वळवता वाचे आणि पोरं हो किंवा नाही म्हणत. काम अभ्यासाशी निगडित आहे का? हो. ओयदिनचा विषय सिंचन, आणि जिथं ती काम शिकणार होती त्या लॅडी नोव्होत्नी या म्हाताऱ्या गृहस्थांचा धंदा शेतात पाणी फिरवणाऱ्या यंत्रांचा; याहून निगडित काम हवं तर पाण्यानंच तिला नोकरीवर ठेवायला हवं होतं. अभ्यासक्रमाचा भाग आहे का? हो, त्याशिवाय पदवीच नाही. आणि मग शेवटचा प्रश्न, जो ब्रेंडा प्रश्नासारखा विचारतही नसे: काम अजून सुरू केलेलं नाहीस ना. साऱ्या जगातून आलेली मुलं याला 'नाही' म्हणत आली होती. ओयदिनही नाहीच म्हणाली. पण तिच्या देशातल्या मार्गिलान गावात वाढलेल्या मुलीला आईच्या वयाच्या बाईपुढे नुसतं 'नाही' टाकून गप्प बसणं उद्धटपणाचं वाटतं. त्यात थोडा गोडवा घालावा म्हणून ती म्हणाली, तशी शनिवारी भेटायला गेले होते, तिथं जराशी मदत केली. आणि एवढं बोलून ती शाबासकीची वाट बघू लागली.

कारण ही सांगण्यासारखीच गोष्ट होती. ओयदिनच्या गावाकडे कुणी नव्या कामावर पहिल्याच दिवशी तोंड वर करून उगवत नाही. आदल्या आठवड्यात घरच्या भट्टीतली दोन नान फडक्यात बांधून जायचं, दोनच, एक कधी नाही, मालकाला, मालकिणीला सलाम करायचा, आणि तिथं कुणी काही उचलत असेल, लोटत असेल, तर दुसरं टोक धरायचं. जो धरत नाही त्याच्याबद्दल मालकीण संध्याकाळी शेजारणीला सांगते, की पोरगं दगडासारखं बसून राहिलं हो, कुणाच्या पोटचं आहे कोण जाणे. ओयदिन ज्यांच्या पोटची होती त्यांना अब्रू होती.

ब्रेंडा वाईट बाई नव्हती. हीच खरी अडचण होती. वाईट असती तर तिनं लगेच टंकलं असतं. तिनं हात खाली घेतला, खुर्ची वळवली, दार लावून घेतलं आणि डॉक्टर गाठीबद्दल विचारतात त्या आवाजात विचारायला लागली. मदत म्हणजे कसली मदत. ओयदिननं सांगितलं, की नोव्होत्नींच्या शेडमागे त्यांचं स्वतःचं मक्याचं शेत आहे, त्यात मधल्या खांबाभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा चाकांवरचा लांब नळ आहे, तो अडून बसला होता आणि त्यांचे गुडघे चढण्याजोगे राहिलेले नाहीत, म्हणून ती शिडीवर चढली. एका पेटीत उंदरांनी वायर कुरतडून बाळंतपण मांडलं होतं. ते उचललं, वायर जोडली, नळ फिरायला लागला. पैसे? छे, पैसे कसले, ओयदिनला विचारण्याचाही रागच आला. तर ब्रेंडा आणखी गंभीर झाली. पैसे घेतले नाहीत हा इथं बचाव होत नव्हता, तो उलट आणखी एक गुन्हा होण्याच्या बेतात होता. ज्या कामाचे कुणाला तरी पैसे मिळाले असते ते फुकट करणं म्हणजेसुद्धा काम करणं.

"जेवलीस तिथे?" ब्रेंडानं विचारलं.

"अंडी. त्यांनी डुकराच्या मांसाचे सँडविच केले होते. मी खात नाही म्हटल्यावर त्यांच्या बायकोनं, अर्लीनबाईंनी, अंडी करून दिली."

"जेवण म्हणजे मोबदला धरतात. आणखी काही दिलं?"

"चेरीच्या मुरांब्याची बरणी."

"परत करता येईल?"

"संपली," ओयदिन म्हणाली.

ब्रेंडानं डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि हळूच सांगितलं, की तू जे म्हणालीस ते मी ऐकलेलं नाही. बाहेर जा, पाणी पी, विचार कर. मी जेवून येते, मग तुला हाक मारीन आणि हाच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारीन. उत्तर दिलंस की मी ते लिहीन. जे देशील तेच. परवानगीआधी काम केलेल्या विद्यार्थ्याचं इथलं राहणं संपतं, हे तिनं सांगितलं नाही. ते भिंतीवर लावलेलं होतं. दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा तिनं ओयदिनच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि त्या लोकांनाही सांग पोरी," ती म्हणाली, "त्यांनीही शनिवारचं कुठं बोलू नये. कधी चौकशीला फोन आला तर एकच गोष्ट निघायला हवी."

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि समोरच्या भिंतीवर सेवादिनाचे फोटो. दर वसंतात युनिव्हर्सिटी परदेशी मुलांना एकसारखे पिवळे टी-शर्ट घालून नदीकाठी झाडं लावायला नेई. फोटोत घानाची मुलं होती, नेपाळची होती, एक लांबोडका जॉर्जियन होता, आणि दुसऱ्या रांगेत खुद्द ओयदिन कुदळ खांद्यावर टाकून दात काढत उभी होती. त्या दिवशी तिनं दिवसभर खड्डे खणले होते, वर पिझ्झाही खाल्ला होता. त्या पिझ्झाला कुणी मोबदला म्हटलं नव्हतं. म्हणजे मदत करणं हा गुन्हा नव्हता. टी-शर्टाशिवाय करणं हा होता. तिला वाटलं उठावं आणि फोटोतल्या स्वतःच्या तोंडावर काहीतरी चिकटवावं. राग असा येत होता की कुठून सुरू करावा तेच कळेना. ब्रेंडावर रागवावं तर ती बिचारी आत नोकरी पणाला लावून बहिरी झाली होती. कायद्यावर रागवावं तर तो समोर बसलेला नव्हता, त्याची खुर्चीच नव्हती. नोव्होत्नींवर, उंदरांवर, दोन नानांवर? राग माणसासारखाच असतो. त्याला टेकायला जागा मिळाली नाही की तो येरझाऱ्या घालतो.

तिला मामाचं घर आठवलं. मामाच्या घराची मागची भिंत पावसानं बसली तेव्हा पहाटेच सगळा मोहल्ला फावडी घेऊन आला. कुणाला बोलावणं गेलं नव्हतं. बोलावणं पाठवणं म्हणजे अपमानच झाला असता. याला तिकडे हशार म्हणतात, आणि हशार म्हणजे काय असं कुणी विचारत नाही, जसं श्वास म्हणजे काय विचारत नाहीत. एकजण चिखल तुडवी, दुसरा विटा पाडी, न्हावीही विटा उचलत होता आणि शाळेतले गणिताचे मास्तरही. बायकांनी अंगणात मोठी कढई चढवली होती, गाजर चिरून चिरून आईची बोटं केशरी झाली होती. दुपारी सगळे ओळीनं बसून पुलाव जेवले. आता या व्हरांड्यात बसून ओयदिनला ते अंगण असं दिसायला लागलं, की ब्रेंडा दाराशी उभी आहे आणि न्हाव्याला विचारतेय, काका, हे काम तुमच्या शिक्षणाशी निगडित आहे का. गणिताच्या मास्तरांना विचारतेय, तुम्ही जेवलात? आणि मास्तर, ज्यांनी जन्मात कुणाला चुकीचं उत्तर दिलं नाही, ते दाढीला लागलेलं शीत पुसत म्हणताहेत, होय बाई, दोनदा वाढून घेतलं. सगळा मोहल्ला हद्दपार. तिला हसू आलं, आणि हसू आल्यामुळे आणखी राग आला.

आणि मग कापूस आठवला. तो आठवू नये म्हणून ती उठून पाणी प्यायली, पण पाण्यानं कापूस भिजतो, जात नाही. तिकडे कॉलेजात असताना दर शरदात वर्ग बंद होत आणि पोरापोरींना बसमध्ये भरून शेतावर नेत. वरून हुकूम असे, वर म्हणजे किती वर ते कुणी विचारत नसे. एका ओस पडलेल्या शाळेत जमिनीवर ओळीनं गाद्या, पहाटे काळा चहा, आणि मग धुक्यात वाकून दिवसभर बोंडं. बोंडाच्या वाळलेल्या टरफलाला चाकूसारखी टोकं असतात. नखांच्या कडा फाटत, रात्री त्यांत कापसाच्याच सरकीचं तेल चोळायचं, म्हणजे ज्यानं कापलं त्यालाच मलम लावायला सांगायचं. जी मुलगी आजारी म्हणून घरी राहिली तिचं नाव परीक्षेच्या यादीतून गेलं. एके वर्षी बातमी आली की परदेशातले पाहुणे शेतावर येणार, विचारणार. त्यांचे दोमला, म्हणजे मास्तर, आदल्या संध्याकाळी गाद्यांच्या मधून फिरले आणि प्रत्येकीला उत्तर शिकवलं. कुणी आणलं तुम्हाला? आम्ही स्वखुशीनं आलो. पुन्हा म्हणा. आम्ही स्वखुशीनं आलो. दुसऱ्या दिवशी ओयदिनपुढे एक नाक लाल झालेली, पांढरी टोपी घातलेली बाई वाकली, दुभाष्यानं प्रश्न सांगितला, आणि ओयदिननं ओढणीत फाटकी बोटं लपवून उत्तर दिलं. ती बाई जरा वेळ तिच्या ओढणीकडे बघत राहिली होती. तिला कळलं होतं. तिनंही ते ऐकलं नाही असं केलं असावं, चांगल्या मनानंच. जगात चांगल्या मनाच्या बायका बऱ्याच असतात आणि त्या बहुतेक वेळा योग्य तेवढंच ऐकतात.

म्हणजे हिशेब असा झाला, ओयदिनला वाटलं, आणि हा हिशेब मांडताना तिच्या कानशिलाशी काहीतरी ठणकायला लागलं: आयुष्यात जे काम बळजबरीनं केलं ते स्वखुशीनं केलं म्हणायचं, आणि जे एकमेव स्वखुशीनं केलं ते केलंच नाही म्हणायचं. तिकडचं सरकार म्हणे, तुझे हात आमचे. इकडचं म्हणे, तुझे हात तुझे, पण खिशात ठेव, आम्ही सांगू तेव्हा काढ. मधे ती स्वतः कुठं होती? शिडीवर होती. शनिवारी त्या शिडीवर, वर वारा, खाली लॅडी मान वर करून ओरडत होते, सावकाश पोरी, आणि तिच्या ओंजळीत गुलाबी, आंधळी, शेंगदाण्याएवढी पिल्लं वळवळत होती. ती कुठं ठेवावीत हे तिला कळेना. लॅडी म्हणाले फेकून दे. अर्लीन म्हणाली, खबरदार, आणि आपली टोपी पुढे केली. दोघं म्हातारे त्यावरून भांडले. मग नळ फिरायला लागला, पाण्याचा पहिला फवारा तिघांच्याही अंगावर आला, आणि लॅडी या वयात एवढे मोठ्यानं हसले की त्यांना खोकला झाला. इथं आल्यापासून एवढ्या काळात तिला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण कुठंतरी आहोत. नुसत्या राहत नाही, आहोत. आणि ते आता पुसून टाकायचं. पुसलं नाही तर उन्हाळ्याचं प्रशिक्षण गेलं, ते गेलं की पदवी गेली, शिष्यवृत्ती गेली, पदवीनंतर वर्षभर इथं काम शिकायचं होतं तेही गेलं, आणि मार्गिलानच्या स्टेशनवर अख्खा मोहल्ला उभा, हातात फुलं, डोळ्यांत प्रश्न. काय गं, काय केलंस तिकडे? मदत केली.

तिनं फोन लावला. शनिवारी लॅडींना ती अमाकी म्हणाली होती, म्हणजे काका, आणि त्यांना ते फार आवडलं होतं. त्यांनी स्वतःच्या चेक आजोबांच्या भाषेतले दोन शब्द तिला परतफेड म्हणून शिकवले होते. अमाकी, ती म्हणाली, एक विनंती आहे. शनिवारी मी तुमच्याकडे आले नव्हते.

पलीकडे मोटरीचा आवाज बंद झाला. मग लॅडी म्हणाले, "मग अंडी कुणी खाल्ली?"

तिनं सगळं समजावलं. ते ऐकून घेत होते, पण त्यांचा श्वास जड होत चालला. ते म्हणाले, मी तर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून बसलोय, कॉफीच्या टेबलाशी, पाद्र्यालासुद्धा. आता पुढल्या रविवारी उभा राहून सांगू का, की मला भास झाला होता? पाद्री म्हणेल, भासच झाला तर निदान एखादा संत तरी दिसायचा होता, उंदीर काढणारी मुलगी कशी दिसली? मग त्यांना एकदम संताप आला. माझ्या आज्याचा गोठा जळाला, ते म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी सगळा तालुका घोडागाड्या घेऊन आला, आज्याला तर त्यांची भाषाही येत नव्हती. तेव्हा कुणाची परवानगी काढली होती? त्यांना राग आल्यामुळे ओयदिनला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. शेवटी त्यांचा आवाज म्हातारा झाला. ते म्हणाले, ठीक आहे, तुझं नुकसान होणार असेल तर नाही आली. आमच्या कामावरच्या ड्वेनलाही सांगतो, तो त्या दिवशी नव्हताच, पण त्याला मी तीनदा सांगितलंय. फक्त अर्लीनला तू सांग. आमच्या लग्नाला जन्म लोटला, तिला खोटं बोल असं मी कधी सांगितलं नाही, आता जमायचं नाही.

अर्लीन फोनवर आली. ओयदिननं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"म्हणजे तू आली नव्हतीस," अर्लीन शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि आपण भेटलेलो नाही."

"असं सांगायचं. कुणी विचारलं तर."

"बरं," अर्लीन म्हणाली आणि फोन ठेवला.

ब्रेंडानं हाक मारली तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्याला सॅलडाचं पान लागलेलं होतं. ती बसली, पडदा सरळ केला, घसा खाकरला. एखाद्या नाटकाची तालीम बिघडली म्हणून पुन्हा पहिल्या वाक्यापासून धरावी तसं तिनं सगळं धरलं: नाव, विषय, निगडित आहे का. ओयदिन हो म्हणत गेली. तिचं एक मन टेबलावरच्या कुंडीकडे बघत होतं. रोप प्लास्टिकचं होतं, तरी कुणीतरी त्याला पाणी घालत होतं, खाली बशीत साचलेलं दिसत होतं. काम अजून सुरू केलेलं नाहीस ना. आता ब्रेंडा पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होती, आणि बघताना किंचित मान हलवत होती, लहान मुलाला घास भरवताना आपलंच तोंड उघडतं तशी. ओयदिनच्या जिभेवर ते शिकवलेलं उत्तर तयार होतं. तिला जाणवलं की तोंडाचा आकारही तोच आहे, गाद्यांच्या मधून दोमला फिरत होते तेव्हाचा. नाही, ती म्हणाली. आणि या वेळी पुढे काही गोडवा घातला नाही. ब्रेंडानं भराभर टंकलं, छापलेला कागद दोन्ही हातांनी दिला, अभिनंदन केलं. ती मनापासून खूश होती. तिला एक मुलगी वाचवता आली होती. दाराशी ती म्हणाली, बघ, किती सोपं होतं.

सोमवारी सकाळी ओयदिन शहराच्या कडेच्या त्या शेडपाशी बसमधून उतरली तेव्हा लॅडी दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. त्यांनी हात पुढे केला. आपली भेट झाल्याचा आनंद वाटतो, ते म्हणाले, मी लॅडी नोव्होत्नी, हे आमचं दुकान. ड्वेन, त्यांचा वेल्डिंग करणारा धिप्पाड माणूस, तोही पुढे आला आणि टोपी काढून म्हणाला, बाई, आपण कुठून, आणि आपल्या देशात उंदीर असतात का. आणि मग त्याला हसू आवरेना म्हणून तो ट्रकमागे गेला. त्यांनी याचा खेळ केला होता. तिला वाईट वाटू नये म्हणून ते दोघं बाप्ये सगळी सकाळ तो मन लावून खेळत राहिले. शेतामागून जाताना लॅडींनी फिरत्या नळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, हा मधे बिघडला होता, कुणीतरी वाटसरूनं दुरुस्त केला, नाव न सांगता गेला, हल्ली अशी माणसं कुठं मिळतात. ओयदिन हसली, हसणं भाग होतं. पण आत तो ठणका पुन्हा सुरू झाला. तिनं त्या दोन भल्या माणसांना एका आठवड्यात खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि ते किती लवकर शिकले होते, किती आवडीनं. तिकडेही असंच झालं होतं. पहिल्या वर्षी पोरी स्वखुशीनं म्हणताना अडखळत. तिसऱ्या वर्षी त्याची गाणी झाली होती.

आणि अर्लीन दिसत नव्हती. म्हणजे दिसत होती, स्वयंपाकघराच्या खिडकीत, अंगणात दोरीवर कपडे वाळत घालताना. पण तिच्याकडे बघत नव्हती. सकाळी कॉफी आणून ठेवली ती टेबलाच्या कडेला, आणि सांगितलं की साखर हवी असल्यास डब्यात आहे. शनिवारी तिनं हातात कप कोंबला होता आणि साखर स्वतःच ढवळली होती, आईसारखी, किती चमचे हे न विचारता. ओयदिनला वाटलं, बाई रुसली. रुसली असती तर बरं झालं असतं. रुसवा काढता येतो. ती दोनदा तिच्या जवळ गेली, एकदा टोपली धरायला. अर्लीननं टोपली काढून घेतली नाही, सोडलीही नाही, म्हणाली, "राहू द्या. तुम्ही कामावर आहात." तुम्ही. एवढ्या मोठ्या, नांगरून नाकासमोर सरळ केलेल्या प्रदेशात ओयदिनला उभं राहायला हातभर जागा मिळाली होती, ती त्या एका शब्दानं पायाखालून काढून घेतली.

दुपारी सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. लॅडींनी प्रार्थना म्हटली, जरा घाईनं. अर्लीननं एकेकाच्या पुढे ताटली ठेवली. ओयदिनच्या पुढे ठेवली तीही तशीच होती, जाड पाव, त्यातून डोकावणारा डुकराच्या मांसाचा तपकिरी तुकडा, बाजूला लोणच्यातली काकडी. ड्वेनचं चघळणं थांबलं. लॅडींनी ताटलीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"अर्लीन," ते म्हणाले, "अगं, ती हे खात नाही."

"मला कसं माहीत असणार?" अर्लीन म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, कुरापत नव्हती. "मी त्यांना आजच भेटतेय."

बाहेर नळ फिरत होता, त्याचा टकटक आवाज येत होता. ओयदिननं अर्लीनच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा तिला दिसलं की म्हातारीचे डोळे सुजलेत, बहुतेक सकाळपासून, बहुतेक फोन ठेवल्यापासूनच. हिला अर्धवट खोटं बोलता येत नव्हतं. बाप्ये वरून पुसून आत जपून ठेवत होते. हिनं सांगितल्याप्रमाणे मुळापासून काढून टाकलं होतं. शनिवार नाही, म्हणजे अंडी नाहीत, टोपी पुढे केली नाही, पाणी अंगावर उडालं नाही, ती मुलगी नाहीच. एवढ्या काटेकोरपणे कुणी कायदा पाळला नसेल. ओयदिनला एकदम सगळा राग कुठं बसवायचा ते कळलं. ब्रेंडाची खुर्ची, कायद्याची नसलेली खुर्ची, सगळ्या खुर्च्या सोडून तो येऊन तिच्या स्वतःच्या तोंडात बसला, जिथून ते 'नाही' निघालं होतं. या बाईनं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि अर्लीनकडून ओयदिननं सगळ्यांत महाग वस्तू, तिचा खरेपणा, काढून घेतली होती, तीही कुणा चौकशी करणाऱ्यासाठी, जो इथं कधी जेवायला येणार नव्हता.

तिनं ताटली हळूच बाजूला सारली आणि उभी राहिली. म्हणाली, अमाकी, मला आज दुपारची सुट्टी हवी. युनिव्हर्सिटीत जायचंय. ब्रेंडाबाईंना एक गोष्ट सांगायची राहिली.

लॅडींना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला. ते म्हणाले, पोरी, नीट विचार कर, ते सांगितलंस तर तुला इथं परत येता येणार नाही. इथं म्हणजे या शेडमध्येच नाही. तिनं मान हलवली. माहीत होतं, व्हरांड्यात बसून तिनं त्याचाच तर पाढा म्हटला होता. ड्वेन काहीतरी म्हणायला गेला आणि त्यानं टोपीच काढली, या वेळी कुणाला हसवण्यासाठी नाही. म्हाताऱ्याला मात्र गप्प बसवेना. आयुष्यभर सगळ्या कठीण प्रसंगांत त्यांनी जे केलं तेच त्यांनी करून पाहिलं, थट्टा केली.

"आणि पहिल्याच दिवशी सुट्टी मागतेस?" ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

ओयदिननं अर्लीनकडे पाहिलं.

"पहिला नाही," ती म्हणाली. "दुसरा."